थंड हवेचं बिल

फोर्टात हॉर्निमन सर्कलपासून दादाभाई नौरोजी रस्त्याकडे चालत निघालात तर दुकानांच्या पाट्यांपेक्षा वरच्या मजल्यांच्या भिंती पाहा. एका खिडकीत गंजलेला विंडो एसी, लाकडी फळीवर टेकवलेला. शेजारच्या खिडकीखाली लोखंडी अँगलवर स्प्लिटची दोन आउटडोअर युनिटं. तिसऱ्या खिडकीला काहीच नाही. आत पंखा फिरतोय. एवढ्यावरून सांगता येतं की त्या मजल्यावर निदान तीन भाडेकरू आहेत, प्रत्येकाचं विजेचं मीटर वेगळं आहे आणि घरमालकाने या इमारतीवर पैसा घालणं कैक वर्षांपूर्वी सोडलं आहे. त्याच भागात मध्येच एखादी बँकेची स्वतःची इमारत लागते. भिंतीवर एक खोका नाही, गच्चीवर मात्र कूलिंग टॉवर. तिथे मालक आणि बिल भरणारा एकच. ऑफिसांच्या वातानुकूलनाचे आराखडे करण्यात माझी आधी नोकरी आणि मग कन्सल्टन्सी गेली. या धंद्यात भिंती अशा वाचायची सवय लागते.

इमारतीला कोणता एसी घ्यावा, असं विचारायला येणारा माणूस बहुतेक वेळा उन्हापासून सुरुवात करतो. पश्चिमेला काच आहे, गच्ची तापते, मे महिना सोसवत नाही. त्याचं खोटं नसतं, पण उन्हावरून किती टन लागतील एवढंच ठरतं. मुंबईसाठी आम्ही बाहेरचं तापमान ३५ अंश धरतो आणि ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरचं २८च्या थोडं वर. या दोन आकड्यांत अंतर इतकं कमी, म्हणजे हवेत पाणी मुबलक. म्हणून नागपूर-अकोल्याच्या कचेऱ्यांत वाळ्याचे पडदे आणि पुढे पत्र्याचे कूलर जे काम करत आले, ते मुंबईत होत नाही; इथे कूलर लावला की फायली दमट होतात आणि माणूस चिकट. इथे हवेतलं पाणी काढावंच लागतं. ऊन आणि दमटपणा यांचं काम इथवरच. तेवढेच टन पाणी गार करून इमारतभर फिरवणाऱ्या एका मोठ्या चिलरमधून द्यायचे, गच्चीवरून नळ्यांतून प्रत्येक खोलीत गॅस नेणाऱ्या व्हीआरएफमधून द्यायचे, की चाळीस भिंतींवर चाळीस स्प्लिट ठोकायचे, हा निवाडा दुसरीकडेच होतो. थंड हवा नसली तर नुकसान कोणाचं आणि असली तर बिल कोणाचं, या दोन प्रश्नांनी तो केला आहे, आणि मुंबईत तो गेली दोन शतकं असाच होत आला आहे.

सुरुवात बर्फापासून. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ साली तळ्यांतला बर्फ लाकडाच्या भुशात भरून 'टस्कनी' जहाजाने कोलकात्याला पाठवला. निघताना १८० टन होता, पोचला सुमारे १००. पुढच्याच वर्षी अमेरिकन बर्फ मुंबईतही उतरला आणि तो साठवायला फोर्टात बर्फखाना उभा राहिला. जमशेटजी जीजीभॉयांच्या मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम वाढलं, आणि मग यजमानांसकट मंडळींना सर्दी झाली, ही गोष्ट मुंबईत अजून सांगतात. बर्फ महाग होता आणि तो जेवणाच्या टेबलावर जात होता. कचेरीत कारकुनाच्या डोक्यावर छताला टांगलेला कापडी पंखा होता आणि त्याची दोरी ओढायला एक माणूस.

त्या बर्फाने आमच्या धंद्याला एक माप दिलं. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो तेवढं काम करणारं यंत्र एक टनाचं, म्हणजे साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर फेकणारं. कोलकात्याला पोचलेला ट्यूडरचा सगळा बर्फ एका दिवसात वितळवला असता तर आजच्या शंभर टनी चिलरचं एका दिवसाचं काम झालं असतं. शंभर टन म्हणजे आजच्या हिशेबाने पंधरा-अठरा हजार चौरस फुटांचं ऑफिस. अर्धी पृथ्वी ओलांडून आलेला माल एका ऑफिसला एक दिवस पुरला असता.

यंत्राने हवा सुधारायची कल्पना आली तेव्हाही ती माणसासाठी आली नाही. विलिस कॅरियरने १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या छापखान्यासाठी पहिली यंत्रणा आखली, कारण दमट हवेत कागद फुगायचा आणि रंगीत छपाईत एका रंगावर दुसरा नेमका बसायचा नाही. १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर या गिरणी इंजिनिअरने या विद्येला 'एअर कंडिशनिंग' असं नाव दिलं ते सुतासाठी. कोरड्या हवेत सूत तुटतं. आपल्याकडे याची जाण त्याही आधीची: जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, आणि नागपूरच्या कोरड्या हवेत सूत टिकावं म्हणून तिथे हवा दमट करणारी यंत्रं बसवली. देशातली ती पहिली म्हणून टाटांच्या इतिहासात त्यांची नोंद आहे.

माझे काका परळच्या एका गिरणीत साचेवाले होते. साचाखात्यात भिंतीवरून पाण्याचा बारीक फवारा सुटायचा आणि खिडक्या बंद असायच्या. सुताला हवी तेवढी ओल राखायची, मग त्या ओलीत माणसाचं काय होईल ते होवो. काका घरी आले की सदरा पिळून वाळत घालायचे. सूत तुटलं तर साचा थांबायचा आणि मालकाचं नुकसान व्हायचं. काकांना घाम आला तर कोणाचंच नुकसान होत नव्हतं. हा हिशेब मला इंजिनिअरिंगच्या पुस्तकात सापडला नाही, पण पुढे प्रत्येक इमारतीत तो दिसत गेला.

माणसाला थंड करण्यात पैसा आहे हे मुंबईत प्रथम थिएटरवाल्यांना उमगलं. कुलाब्याजवळचं रीगल १९३३ साली उघडलं, चार्ल्स स्टीव्हन्सच्या आराखड्याचं, तळघरात मोटारी ठेवायची सोय असलेलं. देशातल्या पहिल्या वातानुकूलित चित्रपटगृहांत ते गणलं जातं. १९३८ साली मेट्रो आणि इरॉस आली, १९४९ मध्ये लिबर्टी. थिएटरचा हिशेब करायला सोपा आणि आकडे ऐकून लोक चकित होतात. शांत बसलेला एक माणूस सुमारे १०० वॉट उष्णता सोडतो. हजार माणसांचं १०० किलोवॉट, म्हणजे नुसत्या प्रेक्षकांच्या अंगाचेच २८ टन. त्यात भर प्रोजेक्टरची आणि बाहेरून आत घ्याव्या लागणाऱ्या ताज्या हवेची. एवढा मोठा प्लांट तेव्हा परवडत होता, कारण खोली एक, मालक एक, वेळा ठरलेल्या आणि खर्च तिकिटात वसूल. एप्रिल-मे महिन्यांत लोक खेळ बघायला येत तसे तीन तास गारव्यात बसायलाही येत. मध्यवर्ती यंत्रणेसाठी याहून सोयीची इमारत मला आजही सांगता येणार नाही.

मग त्याच काळात शेजारच्या फोर्टातल्या ऑफिसांत ही यंत्रं का गेली नाहीत? यंत्रं महाग होती आणि आयातीची अडचण होतीच, पण मोठा वाटा एका कायद्याचा आहे. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधली, आणि हा कायदा घरांइतकाच व्यापारी जागांनाही लागू होता. भाडं वाढणार नाही आणि भाडेकरू उठणार नाही, अशा इमारतीत चिलर, डक्ट आणि लिफ्टएवढी मोठी शाफ्ट घालायला कोणता घरमालक पैसा लावील? त्याने रंगदेखील लावला नाही. भाडेकरूच्या हातात फक्त स्वतःची खिडकी होती. म्हणून फोर्टात थंड हवा खिडकीतून आली आणि एकेका केबिनपुरती आली. साहेबाच्या केबिनला दीड टनाचा एसी, बाहेर हॉलमध्ये पंखे आणि प्रत्येक टेबलावर पेपरवेट. मी नोकरीला लागलो तेव्हा एखाद्या कंपनीत किती थंड हवा आहे हे स्टेशनरीच्या खरेदीवरून कळायचं. पेपरवेट मागवणं बंद झालं की समजावं, हॉलपर्यंत डक्ट पोचला.

यंत्रं करणाऱ्या देशी कंपन्या तोवर उभ्या राहत होत्या. ब्लू स्टार १९४३ची, टाटा आणि फोल्कार्ट ब्रदर्स यांनी मिळून काढलेली व्होल्टास १९५४ची, पुण्याची किर्लोस्कर न्यूमॅटिक १९५८ची. पण सरकारच्या लेखी एसी ही चैन होती आणि कर त्या हिशेबाने. चैनीचा शिक्का किती चिवट ते पाहा: वस्तू आणि सेवा कराच्या काळातही एसी २८ टक्क्यांच्या वरच्या टप्प्यात राहिला आणि १८ टक्क्यांवर यायला २०२५चा सप्टेंबर उजाडला.

ऑफिसात हॉलभर गारवा प्रथम मिळाला तो संगणकाला. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. पुढच्या दोन दशकांत बँका, विमा कंपन्या आणि मोठे कारखाने यांनी आपापले संगणक कक्ष केले. खोट्या जमिनीखालून थंड हवा, दाराबाहेर चपलांचं रॅक, आत पांढरा कोट घातलेले लोक. चपला काढायच्या त्या धूळ आत जाऊ नये म्हणून, पण नवीन शिपाई आत शिरताना नमस्कार करायचे. मे महिन्यात हिशेब खात्यातली माणसं काही ना काही निमित्त काढून त्या खोलीत डोकावायची. एका कारखान्यात मी बारा टनांचा प्लांट फक्त तेवढ्या खोलीसाठी आखला. भिंतीपलीकडे साठ कारकून पंख्याखाली. एकाने मला विचारलं, "साहेब, या भिंतीला एक भोक ठेवलंत तर तुमचं काय जातं?" त्याला खरं उत्तर द्यायचं तर संगणक बंद पडला की पगारपत्रक अडतं, तो घामाघूम झाला तर काहीच अडत नाही, असं सांगावं लागलं असतं. मी हवेच्या दाबाचं काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

मग नरिमन पॉइंट. समुद्रात भर घातलेल्या त्या जमिनीवर १९७० नंतर दोन तऱ्हेच्या इमारती उभ्या राहिल्या. एका तऱ्हेत जोसेफ स्टाइनने आखलेला एक्स्प्रेस टॉवर्स आणि जॉन बर्गीची १९७४ची एअर इंडिया इमारत, म्हणजे एका संस्थेने स्वतःसाठी बांधलेली आणि स्वतःच्या ताब्यात ठेवलेली. दुसऱ्या तऱ्हेत मजल्यांचे गाळे पाडून विकलेल्या. १९६० सालचा सहकारी संस्थांचा कायदा आणि १९६३ सालचा मालकी सदनिकांचा कायदा यांमुळे गाळा विकत घ्यायचा आणि सगळ्यांनी मिळून प्रिमायसेस सोसायटी करायची, ही रीत रूढ झाली. दोन्ही तऱ्हांच्या इमारती उंचीने, काचेने, काँक्रीटने सारख्याच. आत थंड हवेचं नशीब मात्र पार वेगळं.

दुसऱ्या तऱ्हेच्या एका इमारतीत बिल्डरने ऐट म्हणून मध्यवर्ती प्लांट दिला होता. तळघरात पाण्याने थंड होणारे दोन रेसिप्रो कॉम्प्रेसर, प्रत्येक मजल्यावर एअर हँडलिंग युनिट, गच्चीवर टॉवर. प्लांट चालवणारे गृहस्थ मालवणकडचे, सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांचं लॉगबुक मी अनेकदा चाळलं आहे. दर तासाला सक्शनचा दाब, डिस्चार्जचा दाब, पाणी आत जातानाचं आणि बाहेर येतानाचं तापमान, निळ्या शाईत, एकाही रकान्यात गिरगटणं नाही. पण खरं निदान ते हाताने करायचे. सक्शनच्या नळीवर तळवा ठेवायचे. नळीला घाम असला तर ठीक. घामाचं हिव झालं, पांढरं बर्फाचं कवच चढलं, की कॉम्प्रेसरमध्ये द्रव गॅस परत येतोय आणि व्हॉल्व्ह तुटायची वेळ आली. मग काटा काही का सांगेना, मामा मशीन बंद करायचे. बावीस नंबरच्या गॅसवर सक्शनला साठ-पासष्ट पौंड आणि डिस्चार्जला दोनशे-दहा असायचे. उन्हाळ्याच्या शेवटी डिस्चार्ज अडीचशेकडे सरकायला लागला की मामा म्हणायचे, "टँकरचं पाणी प्यायला लागलीय."

त्यांच्या त्या वाक्यात अख्खं शास्त्र होतं. पाण्याने थंड होणारा प्लांट वीज कमी खातो आणि पाणी जास्त पितो. टॉवरमध्ये पाण्याचा थोडा भाग वाफ होऊन जातो आणि त्यातूनच उरलेलं पाणी गार होतं. दर टनाला ताशी सात-आठ लिटर ताजं पाणी घालावं लागतं. शंभर टन दहा तास चालवा, की सात-आठ हजार लिटर झाले, म्हणजे दिवसाला जवळजवळ एक टँकर. तलावाचं पाणी मऊ. टँकरचं जुन्या विहिरींचं, जड. ते उडालं की क्षार कंडेन्सरच्या नळ्यांत बसतात. नखाएवढा थर बसला तरी उष्णता बाहेर जाईना, डिस्चार्जचा दाब चढतो, तेवढीच थंडी द्यायला मोटर जास्त वीज ओढते. वर्षातून एकदा मामा आणि दोन हेल्पर दोन्ही झाकणं खोलून एकेका नळीतून लांब ब्रश फिरवायचे. बाहेर पडणारा पांढरा चुरा बादलीत गोळा व्हायचा आणि मामा ती बादली मुद्दाम सेक्रेटरीच्या ऑफिसात नेऊन दाखवायचे, पुढच्या वर्षीचं ॲसिड आणि ब्रश मंजूर व्हावेत म्हणून.

१९८०च्या दशकाच्या शेवटी तो प्लांट बदलायची वेळ आली. सर्वसाधारण सभेत मला आकडे मांडायला बोलावलं होतं. नवा प्लांट घेतला तर पंप, पंखे सगळं धरून टनामागे किती युनिटं आणि त्याऐवजी सगळ्यांनी विंडो एसी लावले तर किती, हा तक्ता मी केला होता. विंडो एसी साफ हरत होते. तक्ता कोणी फार वेळ पाहिला नाही.

पहिले उठले ते जहाजांचे एजंट. त्यांचं काम युरोपच्या घड्याळावर, रात्री नऊपर्यंत टेलेक्स चालू. प्लांट मात्र सहाला बंद. "मी बारा महिने पूर्ण पैसे भरतो आणि संध्याकाळी खिडकी उघडून बसतो." त्यांच्यासाठी प्लांट चालू ठेवायचा तर अख्ख्या इमारतीचे पंप फिरवावे लागणार. मग एक सनदी लेखापाल म्हणाले, त्यांची गर्दी सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि तीसुद्धा रविवारी. सहाव्या मजल्यावरच्या शेठचा गाळा दोन वर्षं कुलूपबंद होता. वर्गणी चौरस फुटांवर, त्यामुळे बंद गाळ्यालाही बिल. "साहेब, माझ्या बंद खोलीत तुम्ही कोणाला गार करता?" यावर हशा झाला आणि खरं म्हणजे मतदान तिथेच झालं. सेक्रेटरी वयस्क पारशी गृहस्थ होते, सगळे त्यांना बावाजी म्हणत. त्यांनी मला शांतपणे विचारलं, "डिकरा, तुझ्या मशीनला असा मीटर आहे का, जो सांगेल कोणी किती थंडी खाल्ली?" तेव्हा आपल्याकडे तसा मीटर कोणी बसवत नव्हतं. मी नाही म्हणालो. ठराव झाला: प्लांट मोडीत, ज्याने त्याने आपापला एसी लावावा.

सहा महिन्यांत त्या इमारतीच्या समुद्राकडच्या काचा चौकोनी कापल्या गेल्या. खाऱ्या वाऱ्यात विंडो एसीच्या कॉइल तीन-चार वर्षांत पत्रा होऊन गळायच्या. इमारतीचं एकूण विजेचं बिल वाढलं हे मला नंतर समजलं, पण ते 'एकूण' कोणाच्याच टेबलावर येत नव्हतं. प्रत्येकाच्या टेबलावर स्वतःचं बिल होतं आणि ते त्याच्या हातात होतं. सभेतल्या लोकांना मूर्ख म्हणणारे माझ्या धंद्यात पुष्कळ भेटतील. मी म्हणणार नाही. त्यांनी यंत्र नाकारलं नव्हतं, वाटणीची पद्धत नाकारली होती. मामांना सोसायटीने हिशेब चुकता करून निरोप दिला, आणि तळघरात फायलींचं गोदाम झालं.

पुढची उलथापालथ पुन्हा भाडे कायद्यानेच घडवली. २०००च्या मार्चपासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा अमलात आला आणि त्याने बँका, सरकारी कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवलाच्या कंपन्या यांना जुन्या संरक्षणातून वगळलं. बाजारभावाने भाडं मिळू लागलं तशी इमारत सांभाळून, विकून न टाकता, भाड्याने देण्यात अर्थ उरला. वांद्रे-कुर्ला संकुलात, परळ-वरळीच्या गिरण्यांच्या जमिनींवर मोठ्या मालकांच्या इमारती आल्या. ज्या साचाखात्यात काकांचा सदरा भिजायचा त्या आवारातल्या काचेच्या इमारतीचा लोड काढायचं काम माझ्याकडे आलं होतं. पश्चिमेच्या काचेमुळे दुपारी चारनंतर एकाच बाजूचा लोड दुप्पट होत होता. वास्तुविशारदाला मी काच कमी करायला सांगितलं. तो म्हणाला, काच कमी केली तर भाडं कमी येईल. २००७ साली केंद्राची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली, काचेच्या प्रमाणावर आणि तिच्यातून येणाऱ्या उन्हावर बंधनं सुचवणारी. माझ्यासारख्याला तिचा उपयोग इतकाच झाला, की भांडताना हातात एक छापील कागद आला.

याच सुमारास व्हीआरएफ आली. जपानच्या डायकिनने १९८२ साली काढलेली ही पद्धत: गच्चीवर किंवा सर्व्हिस डेकवर आउटडोअर, तिथून तांब्याच्या नळ्यांतून गॅस थेट प्रत्येक खोलीत, आणि कॉम्प्रेसर मागणीप्रमाणे कमी-जास्त वेगाने फिरणारा. पाणी नको, टॉवर नको, मामा नको. ज्याचा गाळा त्याचं युनिट, त्याचं मीटर. सहाव्या मजल्यावरच्या शेठला हेच हवं होतं. विक्रीला आलेले लोक तिच्या वीजबचतीचं सांगतात, आणि अर्धा मजला रिकामा असताना ती बचत खरीही असते. पण मोठ्या, दिवसभर भरलेल्या इमारतीत पाण्याने थंड होणारा चांगला चिलर टनामागे ०.६ किलोवॉटच्या आसपास चालतो, पंप आणि टॉवर वेगळे. हवेने थंड होणारी यंत्रं त्याच्या दुपटीच्या आसपास. व्हीआरएफ मुंबईत एवढी खपली ती मुख्यतः बिलाचं भांडण मिटवते म्हणून.

गॅसचाही इतिहास यात मिसळला आहे. ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेल्या १९८७च्या माँट्रियल करारानंतर अकरा आणि बारा नंबरचे गॅस गेले, मग मामांचा बावीस नंबर उतरणीला लागला, आता बत्तीस नंबरचा जमाना आहे. मालकाच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच, की यंत्र वीस वर्षं टिकलं तरी त्याचा गॅस तेवढी वर्षं स्वस्त मिळेलच असं नाही. ज्याच्या नावावर यंत्र आहे त्याच्या डोक्यावर हा भार.

बावाजींनी विचारलेला मीटर आता मिळतो. थंड पाण्याच्या नळीवर बसतो, जाताना-येतानाचं तापमान आणि प्रवाह मोजतो, आणि कोणी किती थंडी घेतली ते विजेच्या मीटरसारखं सांगतो. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत तर अख्ख्या वसाहतीला एका ठिकाणाहून थंड पाणी जातं आणि ते मोजून विकलं जातं. म्हणजे तांत्रिक अडचण संपली. तरी मुंबईत गाळे विकायच्या इमारतीचा बिल्डर आजही मध्यवर्ती प्लांट टाळतो, कारण प्लांटचा खर्च त्याचा, जागा त्याची विकाऊ, आणि बचत मात्र पुढच्या वीस वर्षांत गाळेधारकांची. तिकडे ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरांत हजारो टनांचे चिलर रात्रंदिवस चालतात आणि कोणी एक दिवसही मीटरवरून भांडत नाही. तिथे थंडी थांबली तर धंदा थांबतो, आणि मालकही एकच असतो.

म्हणून आज कोणी मला चिलर की व्हीआरएफ असं विचारलं की मी नकाशा उघडायच्या आधी तीन कागद मागतो: भाडेकराराचा किंवा विक्रीकराराचा मसुदा, पाण्याच्या जोडणीची मंजुरी, आणि विजेचं मीटर कोणाच्या नावावर राहणार त्याचा अर्ज. पाणी पुरेसं असेल, मालक इमारत हाती ठेवणार असेल आणि मोजून बिल करायची अट करारात असेल, तर मी चिलर सुचवतो आणि भांडून सुचवतो. गाळे विकायचे असतील तर व्हीआरएफ, आणि आउटडोअर युनिटांना मोकळी हवा मिळेल असा डेक आधीच नकाशात काढून घेतो, नाहीतर ती युनिटं एकमेकांच्या तोंडावर गरम हवा फेकत बसतात. छोट्या जुन्या इमारतीत भाडेकरू वेगळे, मालक उदासीन असेल तर चांगल्या स्टारचे स्प्लिट घ्या, सांडपाण्याच्या नळ्या नीट जोडा आणि मध्यवर्ती यंत्रणेचं स्वप्न सोडा. मालक बहुतेक वेळा वैतागतात. त्यांना कॅटलॉग हवा असतो आणि मी वकिलाकडे पाठवतो. उन्हाचे आकडे माझ्याकडे आहेत, कोणाकडेही मिळतील. इमारत कोणाची राहणार हे मात्र त्यांनाच लिहून द्यावं लागतं, आणि ते लिहून झालं की टनांचं गणित एका दुपारचं काम आहे.